दुसऱ्यांच्या हवाई मोहिमेत सामील होताना काय तपासावे : ब्रिटनच्या २०१५ च्या वादाच्या निमित्ताने

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सीरियात आयसिसविरुद्ध आधीपासून सुरू असलेल्या हवाई हल्ल्यांत सामील होण्याचा निर्णय ब्रिटनच्या संसदेने डिसेंबर २०१५ मध्ये घेतला. त्या वेळची भाषणे आज वाचली तर दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. मग तो निर्णय बरोबर होता की चूक? आणि असा वाद पुन्हा उभा राहिला, तर लष्करी ज्ञान नसलेल्या नागरिकाने नेमके काय तपासून पाहावे?

वायुदलात असताना लक्ष्यांची निवड आणि शस्त्रांचे परिणाम या विषयांत मी काम केले आणि नंतर बरीच वर्षे अधिकाऱ्यांना सशस्त्र संघर्षाचा कायदा शिकवला. माझे मत आधीच सांगतो. तो निर्णय कायद्याच्या दृष्टीने समर्थनीय होता आणि लष्करी दृष्ट्या त्याचे वजन बेताचेच होते. त्यातली खरी उणीव मात्र अशा जागी होती जिथे चर्चेचा झोत फारसा पडलाच नाही. आपल्या बॉम्बने नेमके कोण मेले हे शोधण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ठरावात नव्हता. मी त्या सभागृहात असतो तर हल्ल्यांच्या बाजूने मत दिले असते, पण ही जबाबदारी ठरावात लिहून घेतल्यानंतरच.

आधी प्रसंग नीट समजून घेतला पाहिजे, कारण ‘युद्धात उतरावे की नाही’ असा तो प्रश्न नव्हताच. जून २०१४ मध्ये आयसिसने इराकमधील मोसूल शहर घेतले, ऑगस्टमध्ये सिंजारच्या यझिदी या धार्मिक अल्पसंख्याक समाजावर भयानक अत्याचार केले आणि त्यानंतर अमेरिकेच्या नेतृत्वाखाली आघाडी उभी राहिली. २६ सप्टेंबर २०१४ रोजी हाउस ऑफ कॉमन्सने ५२४ विरुद्ध ४३ मतांनी इराकमधील हल्ल्यांना मान्यता दिली. तेव्हापासून सायप्रसमधील अक्रोतिरीच्या तळावरून टोर्नेडो विमाने इराकवर जात होती आणि ब्रिटनची टेहळणी सीरियाच्या आकाशातही सुरू होती. म्हणजे डिसेंबर २०१५ चा वाद एका सीमारेषेपुरता होता. ज्या रेषेवरचा बांध आयसिसने बुलडोझर लावून सपाट केला होता, त्याच रेषेवर ब्रिटनची विमाने बॉम्ब न टाकता परतत होती. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांचे म्हणणे असे की, शत्रू जी सीमा मानत नाही ती आपण मानणे निरर्थक आहे. ऐकायला हे बिनतोड वाटते; पण सीमेच्या दोन्ही बाजूंना शत्रू एकच असला तरी कायदा एक नव्हता, आणि खाली जमिनीवर लढणारेही वेगवेगळे होते.

त्यातच संसदेच्या मनावर दोन जुनी ओझी होती. पहिले २००३ च्या इराकचे. त्या वर्षी १८ मार्चला ४१२ विरुद्ध १४९ मतांनी युद्धाला संमती देताना सरकारने गुप्तवार्तांच्या आधारे जी खात्री दिली होती, ती पुढे पोकळ निघाली. त्या युद्धाची चौकशी करणारा चिल्कॉट अहवाल २०१५ अखेरही प्रसिद्ध झालेला नव्हता. तो जुलै २०१६ मध्ये आला. दुसरे ओझे २९ ऑगस्ट २०१३ चे. सीरियाची राजधानी दमास्कसजवळच्या घूता भागात रासायनिक हल्ला झाल्यानंतर तत्कालीन अध्यक्ष बशर अल-असद यांच्या राजवटीवर कारवाई करण्याचा सरकारचा ठराव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला होता. दोन वर्षांपूर्वी असदवर बॉम्ब टाकण्याची परवानगी मागणारे सरकार आता असदच्या एका शत्रूवर बॉम्ब टाकण्याची परवानगी मागत होते. त्यात विसंगती नाही असे मी म्हणणार नाही. पण दोन्ही वेळची लक्ष्ये वेगळी, कारणे वेगळी आणि कायदेशीर आधारही वेगळे होते, हेही तितकेच खरे आहे. ‘तेव्हा एक बोललात, आता दुसरे’ हा टोला वक्त्याला लागतो, प्रश्नाचे उत्तर मात्र त्यातून मिळत नाही.

आता कायदा. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) बळाच्या वापराला मनाई करते आणि कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यास वैयक्तिक किंवा सामूहिक आत्मसंरक्षणाचा हक्क मान्य करते. इराकचा प्रश्न सोपा होता, कारण तिथल्या सरकारनेच मदत मागितली होती आणि यजमान देशाची संमती असली की बळाच्या वापराचा पेच बव्हंशी सुटतो. सीरियाच्या सरकारने संमती दिलेली नव्हती. उलट ३० सप्टेंबर २०१५ पासून रशियाची विमाने दमास्कसच्या निमंत्रणावरून तिथे उडत होती. म्हणून पाश्चात्त्य देशांनी इराकच्या सामूहिक आत्मसंरक्षणाचा आधार घेतला आणि त्याला एक वादग्रस्त सिद्धान्त जोडला : ज्या देशाच्या भूमीवरून हल्ले होतात, तो देश ते रोखण्यास असमर्थ किंवा अनिच्छुक असेल, तर हल्ला झालेल्या देशाला व त्याच्या मित्रांना तिथे कारवाई करता येते. हा सिद्धान्त सर्व देशांनी मान्य केलेला नाही. तो सैल हाताने वापरला गेला तर बलवान देशांना कोणाच्याही घरात शिरण्याचा परवाना मिळेल, ही भीती रास्त आहे. पण २०१५ च्या सीरियात तो ताणलेला नव्हता, कारण आयसिसने आपली राजधानी मानलेले रक्का आणि दैर अझ-झोर प्रांताचा मोठा भाग खरोखरच दमास्कसच्या हातातून गेलेला होता.

१३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये १३० माणसे मारली गेली आणि आठवड्याभरात, २० नोव्हेंबरला, सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २२४९ एकमताने संमत केला. ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याचे आवाहन त्यात होते, म्हणून अनेकांनी त्यालाच परवानगी मानले. बारकाईने वाचणाऱ्याला दिसेल की बळाचा वापर अधिकृत करताना परिषद सनदेच्या ज्या सातव्या प्रकरणाचा आधार घेते, त्याचा उल्लेख या ठरावात नाही. ती नवी परवानगी नव्हती. जो हक्क आधीपासून असेल त्याला दिलेला तो राजकीय पाठिंबा होता. वकिलांना हा फरक क्षुल्लक वाटत नाही आणि नागरिकांनाही वाटू नये, कारण सरकारे अशा ठरावाचे वजन नेहमी थोडे वाढवूनच सांगतात.

कायद्याहून अवघड प्रश्न जमिनीचा होता, आणि माझ्या मते त्या दिवशीच्या चर्चेचा खरा कस तिथे लागला. विमान पुढे सरकणाऱ्या फौजेला थांबवू शकते, तिच्या तोफा आणि वाहने मोडू शकते, तिची तेलाची कमाई तोडू शकते. विमान गाव ताब्यात ठेवू शकत नाही. २०१४ च्या हिवाळ्यात सीरियाच्या तुर्कस्तान सीमेवरील कोबानी शहरात हे स्पष्ट दिसले. शहराचा मोठा भाग आयसिसच्या हाती गेला असताना अमेरिकी विमानांनी सतत मारा केला, पण शहर वाचले ते खाली गल्लीगल्लीत लढणाऱ्या कुर्दांमुळे, आणि जानेवारी २०१५ मध्ये वेढा उठला तेव्हा त्या शहरात उभी घरे फार थोडी उरली होती. म्हणून ‘आम्ही फक्त हवेतून मारू, आमचे सैन्य उतरवणार नाही’ असे सरकार म्हणते तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा की मग खाली कोण उतरणार आहे, आणि तो कोणासाठी लढतो आहे.

कॅमेरून यांनी त्याचे उत्तर एका आकड्यात दिले : सीरियात अतिरेकी गटांशी संबंध नसलेले सुमारे ७०,००० विरोधी सैनिक आहेत. हा अंदाज गुप्तवार्ता यंत्रणेच्या संयुक्त समितीचा होता. त्यांच्याच हुजूर पक्षाचे, संरक्षणविषयक संसदीय समितीचे अध्यक्ष ज्युलियन लुइस यांनी या पलटणींना उघडपणे बोगस ठरवले आणि ठरावाविरुद्ध मत दिले. मला लुइस यांची शंका रास्त वाटते. तितकी माणसे शस्त्र घेऊन उभी होती, हे अशक्य नव्हते. पण ती शेकडो गटांत विखुरलेली होती, बहुतेक देशाच्या पश्चिमेला होती आणि त्यांचा पहिला शत्रू असद होता. रक्क्याकडे कूच करणारे सैन्य म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवणे म्हणजे एकाच नकाशावरच्या दोन वेगळ्या लढाया एक समजणे होते. पुढे घडलेही तसेच. ऑक्टोबर २०१७ मध्ये रक्का घेतले ते सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेसनी. त्यांचा कणा कुर्द होता आणि कुर्द लढवय्ये त्या ७०,००० मध्ये धरलेले नव्हते. आणखी दोन वर्षांनी, ऑक्टोबर २०१९ मध्ये, त्याच कुर्दांवर नाटोचा सदस्य असलेला तुर्कस्तान चालून गेला. जमिनीवरचा साथीदार कोण, याचे उत्तर घाईत दिले की त्याची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

इथे सरकारच्या बाजूचा न्यायही केला पाहिजे. परराष्ट्र व्यवहारविषयक संसदीय समितीने नोव्हेंबरच्या सुरुवातीला अहवाल देऊन, सुसंगत आंतरराष्ट्रीय रणनीती दाखवल्याशिवाय परवानगी मागू नये असे सुचवले होते आणि पंतप्रधानांनी २६ नोव्हेंबरला त्या समितीच्या मुद्द्यांना लेखी उत्तर दिले. किती देशांत हे होते? ठराव केवळ आयसिसपुरता मर्यादित होता, जमिनीवर लढाऊ सैन्य पाठवणार नाही असे त्यात होते आणि दर तिमाहीला प्रगतीचा अहवाल देण्याचे वचन सरकारने दिले होते. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन स्वतः विरोधात होते, तरी त्यांनी पक्षादेश न काढता सदस्यांना आपापल्या विवेकाने मत देऊ दिले. त्यांच्याच परराष्ट्र प्रवक्त्याने, हिलरी बेन यांनी, सरकारच्या बाजूने भाषण केले. दहा तासांहून अधिक चाललेल्या चर्चेनंतर २ डिसेंबरच्या रात्री ३९७ विरुद्ध २२३ मतांनी ठराव संमत झाला. मजूर पक्षाचे ६६ सदस्य सरकारच्या बाजूने गेले, हुजूर पक्षाचे ७ विरोधात. काही तासांतच चार टोर्नेडो विमानांनी पूर्व सीरियातील ओमर तेलक्षेत्रावर बॉम्ब टाकले.

त्या हल्ल्यांनी मोहिमेचा निकाल बदलला का? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. अक्रोतिरीवर आठ टोर्नेडो होती, त्यांत आणखी दोन टोर्नेडो आणि सहा टायफून लढाऊ विमाने यांची भर पडली. आघाडीचे बहुसंख्य हल्ले अमेरिकेचे होते आणि राहिले, आणि पुढच्या वर्षभरात ब्रिटिश विमानांनीही बहुतेक शस्त्रे इराकमध्येच वापरली, कारण मोठी लढाई तिथे होती. चर्चेत ब्रिमस्टोन क्षेपणास्त्राचे फार कौतुक झाले. ते खरोखर उत्तम शस्त्र आहे. स्फोटक लहान, चालत्या वाहनावर अचूक आणि आजूबाजूला इजा कमी. पण प्रत्यक्ष मोहिमेत सुमारे २२५ किलोच्या वर्गातील पेव्हवे-४ हा मार्गदर्शित बॉम्ब ब्रिमस्टोनपेक्षा कितीतरी अधिक वापरला गेला, कारण इमारत किंवा भुयार पाडायचे तर लहान स्फोटकाने भागत नाही. एखाद्या शस्त्राच्या नावावर युद्धाची संमती मागितली जात असेल, तर त्या शस्त्राचा वाटा किती असणार आहे हे जरूर विचारावे.

मग सामील होण्याचे खरे कारण काय होते? मित्रकर्तव्य. पॅरिस हादरले होते, फ्रान्सने युरोपीय संघाच्या करारातील परस्पर साहाय्याच्या कलमाचा प्रथमच आधार घेतला होता आणि फ्रान्स व अमेरिका या दोघांनाही ब्रिटन बरोबर हवा होता. हे कारण मला कमीपणाचे वाटत नाही. ज्यांच्या मदतीवर आपली सुरक्षितता अवलंबून आहे त्यांच्या अडचणीला धावून जाणे हा राष्ट्रांमधल्या व्यवहाराचा भाग आहे. माझी तक्रार एवढीच की हे कारण समोर मांडायला सरकारे संकोच करतात आणि त्याऐवजी ‘आमच्या विमानांनी फरक पडेल’ असे सांगतात. मैत्रीसाठी जायचे असेल तर मैत्री इतर मार्गांनीही निभावता येते, ही चर्चा मग होतच नाही. जर्मनीच्या संसदेने ब्रिटनच्या मतदानानंतर दोनच दिवसांनी, ४ डिसेंबरला, टेहळणी करणारी टोर्नेडो, हवेत इंधन भरणारे विमान आणि एक फ्रिगेट युद्धनौका देण्यास मान्यता दिली. जर्मन विमानांनी बॉम्ब टाकला नाही. कॅनडाने ऑक्टोबर २०१४ मध्ये १५७ विरुद्ध १३४ मतांनी आपली सीएफ-१८ विमाने हल्ल्यांसाठी पाठवली होती. सरकार बदलल्यावर फेब्रुवारी २०१६ मध्ये ती हल्ल्यांतून काढून घेतली आणि त्याऐवजी स्थानिक सैन्याला शिकवणाऱ्यांची संख्या वाढवली. आघाडी मोडली नाही. सामील होणे म्हणजे बॉम्ब टाकणेच, हे समीकरण राजकारण्यांचे आहे.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे सारे लिहीत आहे तिथे येतो. आघाडीच्या मोहिमेत कतारमधील अल उदैद तळावरच्या नियंत्रण केंद्रातून सगळ्या देशांच्या विमानांचे नियोजन होत असे. लक्ष्ये दोन प्रकारची असतात. काही आधीपासून अभ्यासलेली, जिथे दिवसच्या दिवस टेहळणी करून येण्याजाण्याची वेळ, आजूबाजूची वस्ती, शाळा, दवाखाने पाहिलेले असतात. काही विमान हवेत असताना अचानक समोर येणारी, जिथे खालचा सैनिक मदत मागतो आणि निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो. दोन्ही वेळा हल्ल्याआधी संभाव्य नागरिक हानीचा अंदाज काढतात. तो अंदाज गणिती असतो : बॉम्बचे वजन, फ्यूजची मांडणी, कोन, इमारतीचे बांधकाम. प्रत्येक देशाचा एक अधिकारी केंद्रात बसलेला असतो आणि आपल्या देशाच्या नियमांत न बसणारे लक्ष्य नाकारण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. बोलीत त्याला रेड कार्ड म्हणतात. हा अधिकार शोभेचा नाही. ब्रिटन आणि नेदरलँड्स जिनिव्हा करारांच्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचे, म्हणजे युद्धात नागरिकांच्या संरक्षणाचे नियम घालणाऱ्या पूरक कराराचे, सदस्य आहेत, अमेरिका नाही; त्यामुळे हल्ल्यापूर्वीच्या खबरदारीची मापे एकाच आघाडीत थोडी वेगळी असू शकतात.

एवढी काळजी घेऊनही सुक्याबरोबर ओले जळते. ते कसे, हे सांगणारे दोन प्रसंग माझ्या मनातून जात नाहीत. १७ मार्च २०१७ रोजी पश्चिम मोसूलच्या अल-जदीदा वस्तीत एका घराच्या छपरावर दोन बंदूकधारी होते. इराकी सैन्याने मदत मागितली आणि अमेरिकी विमानाने एकच मार्गदर्शित बॉम्ब टाकला. बॉम्ब जिथे पडायला हवा होता तिथेच पडला. पण त्या घरात स्फोटके साठवलेली होती आणि खालच्या मजल्यांवर माणसे आश्रयाला बसलेली होती. अमेरिकेच्याच चौकशीनुसार किमान १०५ नागरिक मृत्युमुखी पडले. दुसरा प्रसंग त्याआधीचा. २ आणि ३ जून २०१५ च्या मधल्या रात्री डच एफ-१६ विमानांनी इराकमधील हविजा शहरात गाड्यांत बॉम्ब बसवण्याचा कारखाना उडवला. आत साठवलेल्या स्फोटकांचा जो दुय्यम स्फोट झाला, तो अंदाजापेक्षा कितीतरी मोठा निघाला. आजूबाजूची वस्ती कोसळली, किमान ७० नागरिक गेले. लक्ष्य कायदेशीर होते, अचूकताही होती. चूक होती ती खाली काय साठवले आहे आणि शेजारी कोण राहते याच्या माहितीत.

हविजाची पुढची कहाणी प्रत्येक देशाच्या संसदेने वाचायला हवी. त्याच महिन्यात डच संरक्षणमंत्र्यांनी संसदेला, आपल्या माहितीनुसार नागरिकांचा मृत्यू झालेला नाही, असे सांगितले. चार वर्षे हल्ला कोणाचा होता हे उघड झाले नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पत्रकारांनी प्रकरण बाहेर काढले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने हल्ला आपल्याच विमानांचा होता हे मान्य केले. सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल यायला जानेवारी २०२५ उजाडले. नेदरलँड्सकडे स्वतःची पुरेशी माहितीच नव्हती आणि ते अमेरिकेच्या माहितीवर विसंबून राहिले, हा त्या समितीच्या मुख्य निष्कर्षांपैकी एक होता. मोहीम दुसऱ्याची, गुप्तवार्ता दुसऱ्याची, नकाशा दुसऱ्याचा, आणि बॉम्ब आपला. लहान भागीदाराची अडचण नेमकी इथे असते.

ब्रिटनचा हिशेब त्याहून अधिक विचार करायला लावणारा आहे. सप्टेंबर २०१४ ते जानेवारी २०१९ या काळात ब्रिटिश हल्ल्यांत चार हजारांहून अधिक अतिरेकी ठार वा जखमी झाल्याचे त्यांच्या संरक्षण मंत्रालयाने सांगितले. त्याच मोहिमेत मान्य केलेला नागरिकांचा मृत्यू एक. २६ मार्च २०१८ रोजी सीरियात ड्रोनने क्षेपणास्त्र सोडल्यानंतर शेवटच्या क्षणी एक मोटारसायकलस्वार त्या जागी आला आणि मेला. तो कॅमेऱ्यात दिसला, म्हणून मोजला गेला. मला हा आकडा खोटा वाटत नाही. तो एका पद्धतीचा परिणाम वाटतो. हल्ल्यानंतरची पाहणी आकाशातून होते. आकाशातून छप्पर कोसळलेले दिसते, त्याखाली कोण होते ते दिसत नाही. पुरावा मिळाला तरच मान्य करू असा नियम ठेवला आणि पुरावा शोधायला खाली कोणी गेलेच नाही, तर आकडा लहानच राहणार. रक्क्याबाबत ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि हवाई हल्ल्यांतील नागरिक हानीची नोंद ठेवणारी एअरवॉर्स ही संस्था यांनी ढिगाऱ्यांत फिरून, कुटुंबांशी बोलून आणि उपग्रहचित्रे पडताळून एप्रिल २०१९ मध्ये सांगितले की जून ते ऑक्टोबर २०१७ या काळात आघाडीच्या माऱ्यात १,६०० हून अधिक नागरिक गेले. आघाडीने तोवर मान्य केलेला आकडा त्याच्या जेमतेम दहावा भाग होता. हा फरक दोन मोजणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाचा नाही, ते कुठे उभे राहून मोजतात याचा आहे.

वर्गात मी अधिकाऱ्यांना नेहमी सांगत असे की प्रमाणबद्धतेचा नियम (अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने नागरिक हानी जास्त नसावी) हल्ल्यापूर्वीच्या अंदाजावर चालतो आणि अंदाज सुधारतो तो मागच्या चुकांच्या नोंदीवरून. चुका नोंदल्याच नाहीत तर पुढचा अंदाज तितकाच आंधळा राहतो. हविजात दुय्यम स्फोटाचा धडा २०१५ मध्येच उघडपणे शिकला गेला असता तर अल-जदीदा टळले असते असे मी म्हणू शकत नाही. तिथे साठा आहे हेच माहीत नव्हते. पण ज्या वस्तीत शत्रू स्फोटके साठवतो हे ठाऊक आहे, तिथल्या प्रत्येक घराकडे पाहण्याची नजर बदलली असती. मृतांची मोजणी ही दयेची बाब आहेच, त्याबरोबर ती लष्करी व्यवसायाची गरजही आहे.

म्हणून २ डिसेंबरच्या ठरावात मला काय हवे होते ते नेमके सांगतो. ब्रिटिश शस्त्राच्या प्रत्येक वापराची तारीख, ठिकाण आणि शस्त्राचा प्रकार ठरावीक मुदतीत जाहीर व्हावा, म्हणजे बाहेरच्यांना तक्रार कोणाकडे करायची हे कळेल. आघाडीच्या नावाआड प्रत्येक देश लपू शकतो आणि हविजाच्या कुटुंबांना चार वर्षे विमान कोणाचे हेच ठाऊक नव्हते. परिसर हाती आल्यावर साक्षीदारांशी बोलण्याचे बंधन असावे. आणि भरपाईची व्यवस्था आधीच ठरलेली असावी. डच सरकारने पुढे हविजात सार्वजनिक कामांसाठी पैसा दिला, पण घरातले माणूस गेलेल्याला त्यातून स्वतःचे असे काही मिळाले नाही. या तिन्ही गोष्टींनी एकही विमान जमिनीवर थांबले नसते.

विरोधकांच्या एका युक्तिवादाबद्दल थोडक्यात. बॉम्ब टाकले तर देशात हल्ले वाढतील, असे अनेकांनी म्हटले. सरकारने उलट सांगितले की गेल्या वर्षभरात सात कट उधळले आहेत, म्हणजे आपण आधीपासूनच लक्ष्य आहोत. जून २०१५ मध्ये ट्युनिशियातील सूस येथे मारल्या गेलेल्या ३८ जणांत ३० ब्रिटिश होते, हेही खरे. या वादाचा निर्णय पुराव्याने लागत नाही आणि तो निर्णायक मानूही नये. न्याय्य काम धोका वाढतो म्हणून सोडता येत नाही आणि अन्याय्य काम धोका कमी होतो म्हणून करता येत नाही.

राहिला संसदेच्या अधिकाराचा प्रश्न. ब्रिटनमध्ये सैन्य पाठवण्याचा अधिकार राजसत्तेच्या परंपरागत विशेषाधिकारातून सरकारकडे येतो. संसदेचे मत घेणे हा २००३ नंतर रुजत गेलेला संकेत आहे, कायदा नव्हे. एप्रिल २०१८ मध्ये थेरेसा मे यांच्या सरकारने सीरियातील रासायनिक अस्त्रांच्या ठिकाणांवर आधी मतदान न घेता हल्ले केले. जानेवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातील जहाजांवर हल्ले करणाऱ्या येमेनमधील हुथींवर अमेरिकेबरोबर ब्रिटनने विमाने पाठवली तेव्हाही आधी मतदान झाले नाही. पंतप्रधानांनी नंतर सभागृहात निवेदन केले. तातडी आणि गुप्ततेचे कारण काही वेळा खरे असते. पण २०१५ मध्ये दहा तास चर्चा झाली म्हणूनच ७०,००० च्या आकड्याला उघडपणे आव्हान मिळाले, ठरावावर मर्यादा आल्या आणि तिमाही अहवालाचे वचन मिळाले. मतदान टाळले की हे सगळे जाते आणि उरते ते फक्त निवेदन. हुथींवरच्या हल्ल्यांत ब्रिटनच्या बॉम्बखाली कोण होते, हे विचारण्याची वेळ येईल तेव्हा सरकारला कोणत्या वचनाची आठवण करून द्यायची? सभागृहात तसे वचन कोणी मागितलेच नव्हते, आणि सरकारने ते दिलेलेही नव्हते.